मणक्यात ‘गॅप’ निघालाय म्हणे, आता काय करायचं?

अमळनेरला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. युरियाची गोणी 45 किलोची, डीएपीची 50 ची. हमाल आला नाही की गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर ती मीच चढवायचो. वयाच्या 44 व्या वर्षी, ऐन मृगात, कंबरेत उसण भरली आणि पुढची अडीच वर्षं गेलीच नाही. रुईच्या पानांचा शेक झाला, गल्लीतल्या पायाळू मावशींनी पाठीला पाय लावून झाला, पट्टा झाला, कंबर ताणायला वजनं टांगून झाली, इंजेक्शनांची तर गणतीच नाही. आई अहिराणीत विचारायची, “कितला दिन आसा पडी ऱ्हाशी रे भाऊ?” तुमचंही दुखणं तीन महिन्यांवर गेलं असेल तर मी ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो सांगतो.

आधी धोक्याच्या खुणा बघा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं (चप्पल निसटते आणि पत्ता लागत नाही) यातलं काही असेल तर हे वाचत बसू नका, आत्ताच मोठा दवाखाना गाठा. ताप, विनाकारण उतरलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

तसं काही नसेल तर एक वही करा. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागलो: सकाळी उठताना दहापैकी किती, किती गोण्या उचलल्या, किती वेळ बसलो, रात्री किती. तीन आठवड्यांत गंमत कळली. मी गोण्यांना दोष देत होतो, पण सर्वांत वाईट आकडे रविवारचे निघाले. त्या दिवशी मी स्टुलावर सलग तीन तास हिशेब करत बसायचो आणि दुपारी झोळ पडलेल्या खाटेवर झोपायचो. “फार दुखतं हो” म्हटलं की डॉक्टर गोळी लिहून देतात. वही पुढे ठेवली की प्रश्न विचारायला लागतात.

आता ‘गॅप’. माझ्या एमआरआयमध्ये एल4-एल5 ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला, फुगवटा निघाला; त्यालाच सगळे ‘गॅप’ म्हणत होते. एका ठिकाणी फोटो बघूनच, मला टेबलावर आडवंही न करता, “आठवड्यात ऑपरेशन करून टाकू” म्हणाले. घरी रडारड. दुसरे डॉक्टर निराळे निघाले. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पाय सरळ वर उचलून बघितला आणि मग फोटो हातात घेतला. त्यांच्याकडूनच कळलं की कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांतही शंभरातल्या साधारण साठ जणांना असा फुगवटा दिसतो. 2015 साली हे आकडे छापून आलेत. म्हणून ऑपरेशन सुचवलं तर विचारा: माझं दुखणं याच गादीमुळे आहे हे तपासणीतून कसं दिसतं? थांबलो तर काय बिघडेल? नस दबून पाय लुळा पडत चालला असेल तर थांबू नयेच, पण माझं तसं नव्हतं.

गोळ्यांबद्दल एवढंच, की खानदेशातला मे लक्षात ठेवा. पारा 45 ला, अंगातलं पाणी आटलेलं आणि वर रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी, यात पोट आणि मूत्रपिंड दोन्ही भरडले जातात. बीपी, शुगर असेल तर सांगून टाका. पट्टा आणि वजनं टांगणं या जुन्या दुखण्यासाठी नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय. माझे पैसे तोवर गेले होते.

खरा उतार पडला तो जळगावच्या फिजिओताईंकडे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “गोणी कशी उचलता, दाखवा.” अडीच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी कोपऱ्यातली जड पेटी उचलली आणि सवयीने कंबरेतून वळलो. “थांबा, हेच.” तेव्हापासून थप्पीखाली लाकडी फळ्या टाकल्या, म्हणजे खालची गोणीही गुडघ्याच्या वर येते. गोणी आधी कडेला ओढायची, पोटाला चिकटवायची, आणि वळताना कंबर नाही, पावलं वळवायची. डीएपी दोघांनीच उचलायची.

व्यायाम दोनच धरले. पोरांसाठी घोडा होतो तसं ओणवं व्हायचं, उजवा हात आणि डावा पाय सरळ ताणायचा, आठ सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची. पाठीवर पाण्याचा पेला आहे असं समजा. थोडं दुखलं तर चालतं. कळ पायात उतरत गेली तर थांबून विचारा. दुसरा व्यायाम चालणं. सुरुवात दहा मिनिटांनी, आता अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. उन्हाळ्यात सकाळी सहालाच, बोरी नदीच्या काठाने. फरक जाणवायला मला सात आठवडे लागले, चौथ्या आठवड्यात तर सोडूनच देणार होतो.

खाट गेली, सतरंजीवर गादी आली. स्टुलावर दर अर्ध्या तासाला उठतो. त्यासाठी पाण्याचा माठ मुद्दाम दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलाय.

परवा ट्रक खाली करताना पुन्हा चमक आली. आधी मी आठवडाभर आडवा झालो असतो. या वेळी गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, त्या दिवशी बारा मिनिटं चाललो, दुसऱ्या दिवशी पंधरा, आणि शनिवारी दुकानात होतो. गोण्या तेवढ्या हमालाला उचलायला लावल्या.