या चुका टाळा: पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर जुळला असं नाही

गणपतीत आमच्या गिरगावातल्या चाळीत आरतीला दहा मिनिटं उरलेली आणि कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर सापडेना. कुणीतरी घरातल्या वॉटर प्युरिफायरचा काढून आणला. पिन नीट बसली. दिवा लागला, दोन-तीन सेकंदांत गेला, मागून जळका वास आला. कीबोर्ड १२ व्होल्टचा, अ‍ॅडॉप्टर २४ चा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खोलून घेतला तेव्हा आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) डोक्यावर फुगलेला होता, आणि त्याच्या अंगावर १६ व्होल्ट ही मर्यादा स्वच्छ छापलेली होती.

राउटर, सीसीटीव्ही, कीबोर्ड, गिटारचं पेडल (आवाज बदलणारा, पायाने दाबायचा डबा), सगळीकडे साडेपाच मिलिमीटरचीच पिन सापडते. तिच्यावरून व्होल्टेज कळत नाही. अ‍ॅडॉप्टरवर लोक १००-२४० वाचतात आणि ‘चालेल’ म्हणतात. तो आकडा भिंतीकडचा, म्हणजे इनपुटचा. आउटपुटची ओळ वाचा आणि यंत्राच्या मागे पिनच्या भोकाशी लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा.

व्होल्ट तेवढेच हवेत, अ‍ॅम्पिअर जास्त असले तरी चालतात. ५०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या कीबोर्डला २ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला तरी कीबोर्ड लागेल तेवढाच करंट घेतो. उलट, अ‍ॅम्पिअर कमी पडले तर अ‍ॅडॉप्टर तापतो आणि आवाज वाढवला की कीबोर्ड आपोआप बंद-चालू होतो. लोक कीबोर्डच बिघडला समजून दुरुस्तीला नेतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अधिक-उण्याची. गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आतल्या बाजूला उणे असतं. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला तिथे सहसा अधिक. म्हणजे व्होल्ट जुळूनही वीज उलटी जाते. गोलाचं छोटं चित्र छापलेलं असतं, त्यात मधल्या ठिपक्याला कोणतं चिन्ह जोडलंय ते बघा. काही यंत्रांत उलट्या विजेपासून वाचवणारा डायोड असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आवाजाच्या काही छोट्या मिक्सरना अ‍ॅडॉप्टरमधून एसीच, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीजच, लागते. नागमोडी रेघ म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज. एकाच्या जागी दुसरा लावू नका.

जुने, हाताला जड लागणारे ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट लिहिलेले असूनही काही न जोडता मीटरवर १२-१३ दाखवतात. नाजूक पेडलला ते लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेहून आलेल्या सामानावर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. त्यानेही जुन्या एसी मोटरवाल्या रेकॉर्ड प्लेयरचं भागत नाही: मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर (सेकंदाला किती आवर्तनं) ठरतो, तिकडचे ६० हर्ट्झ इथे ५० होतात, तबकडी सावकाश फिरते आणि काळी दोनचं गाणं पांढरी एकच्याही किंचित खाली उतरतं.

चुकून लावलाच तर आधी भिंतीचं बटण बंद करा. ‘बघू चालतोय का’ म्हणून लगेच योग्य अ‍ॅडॉप्टर जोडू नका. आत काही शॉर्ट झालं असेल तर तोही जाईल. वास आला असेल तर तसाच मेकॅनिककडे न्या. पुष्कळदा डायोड, रेग्युलेटर किंवा कपॅसिटर बदलून काम भागतं. आमचं भागलं. त्या दिवशी आरती टाळ-मृदंगावर झाली. आता मंडळाच्या पेटीतल्या प्रत्येक वायरीला पांढरी टेप आहे, तिच्यावर यंत्राचं नाव, व्होल्ट आणि मधलं चिन्ह, तिन्ही मार्करने लिहिलेली.