रात्री आठचा एक प्रश्न: व्हॉट्सॲपवर गणिताचा अभ्यास कसा घ्यावा

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला गणित शिकवते. निम्म्या मुलांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात आणि वडील द्राक्षबागेत. म्हणून आधी वेळ ठरवा. दुपारी पाठवलेला प्रश्न बागेतच राहतो. मी रात्री आठला पाठवते. जानेवारी ते एप्रिल द्राक्षकाढणी चालते, तेव्हा साडेआठला.

दुसरी गोष्ट, प्रश्नासाठी ग्रुप वापरू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या जुन्या ग्रुपमधून नंबर उचलून एका अनोळखी माणसानं दहावीतल्या मुलीला रात्री-अपरात्री फोन केले. तिच्या आईनं फोन काढून घेतला आणि त्या पोरीचा अभ्यास दोन महिने मागे पडला. मला त्याची आजही हळहळ वाटते. ब्रॉडकास्टमध्ये तुमचा मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, एका वर्गाला ते पुष्कळ झाले. मात्र पालकांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचतच नाही. त्यासाठी पालकसभेत समोर बसवूनच नंबर सेव्ह करून घ्या. तुमच्याकडे नावं हजेरी क्रमांकानं ठेवा, ‘१०अ १४’ अशी, म्हणजे कोणाचं उत्तर यायचं राहिलं ते लगेच कळतं.

ग्रुप ठेवा, पण फक्त सूचनांसाठी, आणि सेटिंगमध्ये मेसेज टाकायची मुभा ॲडमिनपुरतीच ठेवा. सुविचार, लग्नपत्रिका, गुड मॉर्निंगची फुलं यांच्या ढिगात परीक्षेचं वेळापत्रक हरवतं. गुणांची यादी तर ग्रुपवर कधीच टाकू नका.

आता मुख्य काम. पीडीएफचा भारा पाठवला की अभ्यास दिला असं होत नाही. रोज एकच प्रश्न द्या आणि उत्तर आवाजात मागा. वहीचा फोटो नको. फोटोत चूक दिसते, पण ती कशी झाली ते दिसत नाही.

गेल्या वर्षी मी विचारलं: (५ + ३)² किती? बऱ्याच जणांनी ३४ सांगितलं, म्हणजे २५ अधिक ९. एका मुलीचा निरोप मी तीनदा ऐकला. मागे कुकरची शिट्टी, धाकटा भाऊ रडतोय, आणि ती ठामपणे सांगतेय, “बाई, कंसाबाहेरचा दोन आतल्या दोघांना वाटायचा असतो. तुम्हीच शिकवलंय.” खरंच शिकवलं होतं, पण ते २(५ + ३) साठी. वर बसलेला छोटा दोन आणि पुढे लिहिलेला मोठा दोन तिला एकच वाटत होता. फोटोवर लाल रेघ मारली असती तर हे मला कधीच कळलं नसतं.

उत्तरही मी आवाजातच दिलं, एका मिनिटात. “आठ मीटर बाजूचा चौरस वाफा काढ. आडव्या बाजूंवर डावीकडून आणि उभ्या बाजूंवर वरून पाच मीटरवर खूण कर आणि समोरासमोरच्या खुणा रेषांनी जोड. आता चार तुकडे मोज.” दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: पंचवीस, नऊ आणि दोन पट्ट्या पंधरा-पंधराच्या, एकूण चौसष्ट. “त्या पट्ट्या मी सोडूनच दिल्या होत्या, बाई.”

निरोप रेकॉर्ड करताना माइकचं बटण दाबून बोट वर सरकवायला मुलांना शिकवा, मग बटण धरून ठेवावं लागत नाही. मिनिटभरापेक्षा जास्त नको. व्हिडिओच्या मानानं आवाजाला डेटा अगदी कमी लागतो. पालकांच्या फोनमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं सेटिंगमधून बंद करून द्या. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते. तिकडे सुटीला जाणाऱ्या मुलांना आठवड्याचे प्रश्न कागदावरच लिहून द्या.

तुम्हाला सगळ्यांचं ऐकणं जमणार नाही, हेही आधीच धरून चाला. चाळीस मुलांचे चाळीस मिनिटं होतात. मी रोज दहा जणांचं नीट ऐकते, बाकीच्यांचं दीडपट वेगानं, आणि चांगलं किंवा चमत्कारिक उत्तर स्टार करून ठेवते. सकाळी तास त्या स्टारपासूनच सुरू होतो, कोणाचं नाव न घेता. रात्री नऊनंतर मी उत्तर देत नाही आणि मुलांनाही पाठवू देत नाही.

वर्गात चार मुलांच्या घरी फोनच नाही. त्यांच्यासाठी तोच प्रश्न शाळा सुटताना फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. सकाळी परिपाठाआधी ती चौघं येतात, मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसते आणि ती मला तोंडानं सांगतात.