बॅग नंतर भरा, आधी तिकीट नीट वाचा

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या कोथरूडात दर दोन बिल्डिंगांआड कुणाच्या तरी हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात आणि अख्खं घर भोवती उभं राहून हे टाक, ते काढ करत असतं. मी स्वतः संसार बांधून अमेरिकेला जाऊन आलेय, गेल्या वर्षी भाचीला जर्मनीला शिकायला पाठवलं, आणि दोन्ही वेळेला एकच गोष्ट कळली की घोळ बॅगेत होत नाही, तिकीट न वाचल्यामुळे होतो.

तिकिटावर बॅगेज असं लिहिलेलं असतं तिथे बघा. २पीसी लिहिलं असेल तर दोन नग, आणि प्रत्येक नगाला वेगळी मर्यादा, इकॉनॉमीत बहुतेक वेळा २३ किलो. अमेरिका-कॅनडाला हीच पद्धत चालते. ३०के असं असेल तर सगळं मिळून ३० किलो, मग एक बॅग करा नाहीतर दोन, गल्फमार्गे युरोपला जाताना असं बऱ्याचदा असतं. पण एकच बॅग ३२ किलोच्या वर सहसा कुठेच घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार आहे त्यात. आणि हो, स्वस्तातलं तिकीट दिसलं की लगेच काढू नका, काही स्वस्त भाड्यांमध्ये चेक-इन बॅग एकच असते किंवा अजिबातच नसते, मग बॅगेचे पैसे भरले की ते तिकीट महागच पडतं.

आमचं काय झालं ते सांगते. अमेरिकेला जाताना एक बॅग २६ भरली, दुसरी २०. बेरीज ४६, म्हणजे दोन तेवीस, म्हणून आम्ही निवांत. मुंबईला काउंटरवर त्यांनी सांगितलं की बेरीज चालत नाही, प्रत्येक बॅग २३ च्या आतच हवी, आणि मग रात्री एक वाजता फरशीवर दोन्ही बॅगा उघडून मेतकूट आणि चादरी इकडून तिकडे, मागे रांग, आई रडवेली. ते टाळण्यासारखं होतं हो.

दुसरं म्हणजे जोडतिकीट. पुण्याहून दिल्लीला वेगळं तिकीट आणि तिथून पुढे वेगळं असं घेतलं, तर पुणे-दिल्लीला देशातला नियम लागतो, साधारण १५ किलो, आणि तुमच्या हातात ४६. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर परदेशी प्रवासाची मर्यादा इथूनच धरतात. नाहीतर सरळ मुंबईपर्यंत गाडी करा, बहुतेक पुणेकर तेच करतात, फक्त गाडी बुक करताना दोन मोठ्या बॅगा आहेत हे आधी सांगा. विद्यार्थी असाल तर तिकीट काढतानाच स्टुडंट फेअर विचारा, काही एअरलाइन्स १० किलो किंवा एक बॅग जास्त देतात, ओळखपत्र किंवा अ‍ॅडमिशनचं पत्र जवळ ठेवायचं.

आता खाण्याचं, कारण आपलं निम्मं वजन तिथेच जातं. सुकं खोबरं नेऊ नका, त्यात तेल असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्यावर बंदी आहे, वाटीच्या वाटी तर नकोच. कापूरसुद्धा ज्वलनशील म्हणून नाही, आरतीचं सामान भरताना हे हमखास विसरतं. लोणचं केबिनमध्ये नको, चेक-इनमध्ये टाका, पण दुकानातून व्हॅक्यूम पॅक करून घ्या नाहीतर सगळे कपडे तेलकट होतात. युरोपात दूध, तूप, खवा, पनीर न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढ्यांचा मोह टाळा, चिवडा-चकली-भाजणी न्या. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही, तूपही भारतातून नेलेलं सहसा चालत नाही, आणि जे काही खायचं आहे ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर सांगून टाका, सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखशीची फार काळजी घ्या, तिथे खसखस बेकायदा आहे, आणि ती आपल्या अनारशांना असते, कितीतरी घरच्या गोड्या मसाल्यात असते, बाकरवडीच्या सारणातही असते. आईला विचारा मसाल्यात काय घातलंय ते, विचारल्याशिवाय डबा भरू नका.

भांड्यांमध्ये कुकर न्याच, पण इंडक्शनवर चालणारा घ्या, आणि जास्तीची रिंग आणि शिट्टी घ्या, तिथे त्या सहज मिळत नाहीत. कुकरच्या आत मसाल्याच्या पुड्या भरा, जागा वाया घालवू नका. मिक्सर अमेरिकेला नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० चा, युरोपात चालतो. गोधड्या आणि जाड पुस्तकं मला वाटतं मागेच ठेवावीत. त्या हवा काढायच्या पिशव्यांनी आकार कमी होतो, वजन नाही, हे लक्षात ठेवा.

बॅग घ्यायला बोहरी आळीत किंवा लक्ष्मी रोडला गेलात तर रिकाम्या बॅगेचं वजन विचारा, काही मोठ्या बॅगा नुसत्याच पाच किलोच्या असतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरच्या आत हवी, चाकं आणि हँडल धरून. घरी हातात धरायचा डिजिटल काटा घ्या, किंवा रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणा, आणि २३ ला २२ च भरा, कारण प्रत्येक काटा थोडं वेगळं दाखवतो. तरीही जास्त होतंय वाटलं तर एअरलाइनच्या साइटवरून आधीच जादा बॅग घ्या, काउंटरवर तेच खूप महाग पडतं.

केबिन बॅग बहुतेक ठिकाणी ७-८ किलो, आणि ती पण वजन करतात. त्यात मूळ सर्टिफिकेटं, औषधं आणि त्यांचं प्रिस्क्रिप्शन, एक जोड कपडे, लॅपटॉप. पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीच टाकायची नाही, केबिनमध्येच, आणि १०० वॅट-अवरपर्यंतचीच, म्हणजे २०,००० एमएएचवाली चालते. पातळ पदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांत.

निघण्याआधी दोन्ही बॅगांचे बाहेरून आणि आतून फोटो काढा. भाचीची एक बॅग फ्रँकफर्टला आलीच नाही, पण फोटो होता, टॅगची पावती होती, आणि विमानतळाबाहेर पडायच्या आधीच तिने काउंटरवर पीआयआर म्हणजे बॅग न आल्याची लेखी नोंद करून नंबर घेतला. दोन दिवसांनी बॅग घरी आली. बॅग फुटलेली आली तर ७ दिवसांत, उशिरा आली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि मधल्या काळात घेतलेल्या टूथब्रश-कपड्यांची बिलं जपून ठेवायची, ती तक्रारीसोबत जोडता येतात.