खारवट किनारी जमिनीत जेरुसलेम आर्टिचोक: या चुका टाळा

सूर्यफुलाच्या कुळातलं हे कंदपीक खारेपणा बऱ्यापैकी सोसतं. चीनमधल्या च्यांगसू प्रांताच्या किनारी खारवट जमिनींवर ते घेतलंही जातं. तरीही अनेकांचं पीक पहिल्याच महिन्यात बसतं, कारण वाढलेलं झाड जेवढे क्षार पचवतं तेवढे कोवळा कोंब पचवू शकत नाही. म्हणून खरी काळजी लागवडीच्या वेळी घ्यायला हवी.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वरंब्याच्या माथ्यावर बेणं लावणं. सरीत पाणी सोडलं की ओल वरंब्यात वर चढते, माथ्यावरून पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साचतात. ऊन पडल्यावर माथ्यावर पांढरी पापडी दिसते ती हीच. बेणं वरंब्याच्या बगलेत, ओलीच्या रेषेजवळ, साधारण 8 ते 10 सेंमी खोल लावा. तुकड्याला दोन-तीन डोळे हवेतच, आणि फार छोटे तुकडे करू नका. कोंबाला सुरुवातीची ताकद त्या कंदातूनच मिळते.

उगवण विरळ झाली तर लगेच पाणी वाढवू नका. आधी एखादा तुकडा उकरून पाहा. तो सुरकुतलेला असेल तर क्षार किंवा कोरड यांचा संशय घ्या. मऊ पडून वास येत असेल तर पाणी साचलंय. दोन्हींचे उपाय अगदी उलटे आहेत.

रोज थोडं थोडं पाणी देणं हीसुद्धा चूकच. त्यानं क्षार वरच्या थरात राहतात. लागवडीआधी गोड्या पाण्याची एक भरपूर पाळी देऊन क्षार खाली धुवून काढा, पण त्याआधी चर काढून निचरा करा. भूजल वर असेल आणि पाण्याला वाट नसेल, तर धुतलेले क्षार पुन्हा वर येतात. ठिबक असेल तर पावसाच्या पहिल्या हलक्या सरींच्या वेळी ते बंद करू नका. ओलीच्या कडेला साचलेले क्षार पावसानं मुळांकडे ढकलले जातात. पेंढ्याचं आच्छादन जरूर घाला.

माती न तपासता जिप्सम टाकणंही थांबवा. जिप्समचा उपयोग सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत होतो. नुसत्या खारवट जमिनीत तो खर्च वाया जातो. मातीची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. पालाश द्यायचं असेल तर क्लोराइड असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, अशा जमिनीत क्लोराइड आधीच पुरेसं असतं.

काढणीनंतर कंद उघड्यावर ठेवू नका. साल पातळ असल्यानं ते लवकर सुकतात. थंड जागी ओलसर वाळूत ठेवा. आणि शेतात राहिलेले तुकडे नीट वेचून घ्या, नाहीतर पुढच्या हंगामात ते दुसऱ्या पिकात तण म्हणून उगवतील.