बिबट्याची वही: शिवारातल्या वाघराची नोंद कशी ठेवायची

उसाला तोड लागली की आमच्या पन्हाळ्याच्या पायथ्याला व्हॉट्सॲपवर दर दोन दिवसाला एक बिबट्या येतोय. फोटो कुठला, कधीचा, कुणी काढला, काय पत्ता नाय, खाली नुसतं "सावधान, आपल्या भागात वाघरू". आता तर एआयनं बनवलेले फोटो पण फिरतात. बिबट्या नाहीच असं मी म्हणत नाय हां, एका अंगाला राधानगरीचं जंगल, दुसऱ्या अंगाला चांदोलीचं आणि मधे नुसता ऊस म्हटल्यावर तो असणारच. पण आठ जणांच्या आठ गोष्टी ऐकून फॉरेस्टवाल्यांनी तरी काय करायचं? म्हणून आम्ही तिघाचौघांनी वही सुरू केली, तुम्ही पण करा, शंभर पानी वही आणि पेन, बास.

वहीत तारीख, वेळ, जागा आणि काय दिसलं एवढं तर पाहिजेच. जागा लिहिताना "ओढ्याकडं" असलं नको, गट नंबर टाका नायतर मोबाईलचं लोकेशन. पण सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे "स्वतः बघितलं की ऐकलं". आमच्या तात्यांनी पहिल्या दिवशी मोठा बिबट्या सांगितला, किती लांबून विचारलं तर म्हणाले मी नाय, पुतण्यानं बघितला, आणि पुतण्या म्हणतोय मला फक्त डोळे चमकलेले दिसले. मग वहीत "डोळे चमकले" एवढंच लिहायचं, त्याच्या पुढं एक अक्षर नाय.

अंधारात, नायतर सीसीटीव्हीत, काय दिसलं तर आधी शेपूट बघा. बिबट्याची शेपूट लांबलचक, अंगाच्या निम्म्याहून जास्त. रानमांजराची आखूड. तरसाची पाठ मागं उतरती आणि अंगावर पट्टे. गोठ्यावरच्या कॅमेऱ्यात जवळनं गेलेलं मांजर पण केवढं दिसतंय म्हणून सांगू, त्यामुळं सकाळी त्याच जागी कुणालातरी उभं करून उंची ताडून घ्या.

आता ठसे. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नख्या आत ओढून घेतंय, म्हणून चार बोटं आणि मागं गादी, गादीला मागनं तीन उंचवटे, आणि नख्यांची खूण नाय. कुत्र्याच्या ठशात नख्या दिसतात आणि ठसा लांबट असतोय. फोटो बरोबर वरनं काढायचा, तिरका नको, आणि शेजारी दहाचं नाणं ठेवायचं, ते २७ मिलिमीटरचं असतंय म्हणजे मापाला सोपं (तसंही दुकानदार घेत नाहीत, इथं तरी उपयोग होतोय). पाणी पाजलेल्या रानात ठसा पसरतोय आणि बिबट्याचा वाघ होतोय, म्हणून जमीन ओली का कोरडी ते पण लिहा. आणि ठशावरनं किती बिबटे हे सांगायच्या भानगडीत पडू नका. वाघांची गणती पूर्वी ठशांवरच व्हायची, राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ संपल्याचं उघडं पडल्यावर ती पद्धत बंद झाली. आता कॅमेरा ट्रॅप लावतात, म्हणजे जनावर समोरनं गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आणि ते पण वाटेच्या दोन्ही बाजूला एकेक, कारण प्रत्येक बिबट्याची ठिपक्यांची नक्षी वेगळी आणि त्याच बिबट्याची डावी-उजवी बाजू पण सारखी नसते.

असंच कॅमेरे लावून बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या टीमनं नगरकडच्या अकोले तालुक्यात काम केलं, उसाचा भाग, जंगल नाय, तरी १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ बिबटे निघाले. विष्ठेतले केस तपासले तर खाल्लेल्या वजनात ३९ टक्के नुसती कुत्री, आणि शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असून ११ टक्केच, कारण शेळ्या रात्री आत बांधलेल्या असतात. हे वाचल्यावर मी वहीत "गावातलं कुत्रं गायब" हा रकाना वाढवला, आधी डोक्यातच आलं नव्हतं. विष्ठा दिसली तर फोटो काढा, उचलू नका, बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, नमुने गोळा करायला परवानगी लागते.

बिबट्यानं जनावर मारलं असेल तर आधी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरला फोन. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाय, नायतर भरपाईला अडचण. तोवर लांबनं फोटो घ्या, बिबट्या बहुतेक गळ्याला धरतोय आणि आडोशाला ओढून नेतोय, कुत्र्यांनी मारलं असेल तर मागच्या पायांना, पोटाला जागोजागी लचके असतात. तोडीत पिल्लं सापडली तर तोड थांबवा, हात लावू नका, सेल्फी तर अजिबात नको, आई जवळपासच असतेय. आणि ताजी जागा ग्रुपवर टाकू नका, शंभर पोरं काठ्या घेऊन पळत येतात आणि घाबरलेलं जनावर मग कुणाच्या तरी अंगावर जातंय.

एक गोष्ट लोकांना पटत नाय, ती म्हणजे काहीच दिसलं नाही त्या दिवशी पण "काही नाही" लिहायचं. अहो किती रात्री फिरलात हेच माहीत नसेल तर दोनदा दिसला म्हणजे जास्त का कमी, कसं ठरवणार? जुन्नरला बिबटे पकडून दुसरीकडं सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला साधारण ४ वरनं १७ वर गेले, हे कळलं ते आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही वर्षांचा हिशेब होता म्हणूनच. नायतर पिंजरा लावा, पिंजरा लावा एवढंच चाललं असतं, आमच्याकडं अजून तेच चाललंय.

महिन्याला वहीची झेरॉक्स गार्डसाहेबांना द्या, मूळ आपल्याकडं. आणि वही गोठ्यात ठेवू नका, आमची पहिली वही अर्धी गेली. वाघरानं नाय, शेळीनं खाल्ली.