जुना हॉल, जुनी बाग आणि त्याच त्या चुका

दर दोन-तीन महिन्यांनी कुठून तरी फोन येतो. "आमच्या टाऊन हॉलला शंभर वर्षं होतायत, निधी मंजूर झालाय, जरा बघायला या." मी आधी एकच विचारतो, सिमेंट आणलंय का? पलीकडून मोठ्या अभिमानाने उत्तर येतं, "कालच पन्नास पोती उतरवली." मग मी म्हणतो, ती पोती गटाराच्या कामाला द्या आणि मला दिवाळीनंतर बोलवा. अर्ध्या लोकांचा पुन्हा फोन येत नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत वीसेक वर्षं गेली. हॉल आणि त्याच्याभोवती बाग ही जोडी आपल्याकडे बऱ्याच गावांत आहे. कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला, तोही बागेतच. मुंबईची राणीची बाग १८६२ची आणि तिच्यातलं संग्रहालय १८७२चं. गावं वेगळी असली तरी चुका मात्र सगळीकडे त्याच.

पहिली चूक: चुन्याच्या भिंतीला सिमेंट

यावर मी इतकं बोललोय की घरचे हसतात. तरी पुन्हा सांगतो.

चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. जमिनीतून चढलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून, गिलाव्यातून बाहेर येतं आणि उडून जातं. सिमेंटचा गिलावा चढवला की ती वाट बंद. पाणी काही परत खाली जात नाही, आतल्या आत वर चढत राहतं आणि जिथे सिमेंट संपतं तिथे क्षार घेऊन फुटतं. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. शिवाय सिमेंट कडक आणि जुनी वीट मऊ. उन्हापावसात भिंत थोडी हलते, तेव्हा तुटायची पाळी विटेवर येते. लाकडी तुळयांची टोकं भिंतीत असतील तर ती आतून कुजायला लागतात आणि आपल्याला कळतं ते छत खाली आल्यावर.

एका गावचा हॉल सांगतो. गावाचं नाव नको. उत्तरेच्या भिंतीला कमरेएवढा लोणा होता. कुठलासा समारंभ आठ दिवसांवर आला होता, म्हणून कुणीतरी रात्रीत सिमेंट मारून वर डिस्टेंपर दिला. फोटो झकास आले. दोन पावसाळ्यांत ओल कमरेवरून खांद्यावर गेली. मग त्यावर वॉटरप्रूफिंगचं कसलंसं केमिकल फासलं. ओल डोक्याच्या वर! मला बोलावलं तेव्हा भिंत नाण्याने ठोकून पाहिली तर अर्ध्याहून जास्त पोकळ वाजत होती. सिमेंट छिन्नीने काढताना त्याच्याबरोबर विटांची तोंडं निघाली. नुसता चुना असता तर ती सोलली नसती. सिमेंट लावायला एक रात्र लागली, काढायला अडीच महिने.

आता चुना कसा करायचा. ही माझी सवय आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला न विझवलेला चुना, हौदात पाण्यात सोडायचा, तो खदखदतो, त्यामुळे पोरांना लांब ठेवायचं. विझला की गाळायचा आणि पाण्याखाली ठेवायचा, निदान एक महिना. माझे मिस्त्री तर वर्षाचा चुना बाजूला काढून ठेवतात, घरी मुरांबा ठेवावा तसा. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती विटांच्या भट्टीतून स्वतः डोळ्यांनी पाहून आणायची, नाहीतर लोक लाल माती देतात. घाणा असेल तर घाण्यात मळायचं. नसेल तर माणसं लावून कुटायचं, मिक्सरला दोन फेऱ्या देऊन मोकळं व्हायचं नाही. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी जुने गवंडी घालत. मी गूळ आणि बेलफळ घालतो. उडदाची डाळ घालणारे भेटलेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

गिलाव्याचा थर अर्ध्या इंचाच्या आत. वर ओलं गोणपाट, निदान दोन आठवडे. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि शिमग्याच्या आत गिलावा संपवायचा. नवा पोरगा येतो आणि तिसऱ्या दिवशी नखाने खरवडून सांगतो, "सर, हे तर अजून मऊच आहे." अरे, तू बोट काढ तिथून.

ज्यांना दोन महिन्यांत उद्घाटन हवं असतं त्यांना मी राणीच्या बागेतल्या संग्रहालयाचं उदाहरण देतो. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. त्याची दुरुस्ती २००३च्या सुमाराला सुरू झाली आणि ते लोकांसाठी पुन्हा उघडलं २००८ साली. मधे २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. ओतीव लोखंडाचे खांब, नक्षीच्या फरशा, रंगकाम, सगळं मूळचं शोधत शोधत केलं. एका इमारतीला एवढी वर्षं.

तर आमच्या हॉलची भिंत आम्ही चुन्यात परत केली. मी खूश. पुढच्या पावसाळ्यात सगळी भिंत कोरडी, फक्त एका जागी, साधारण पाच फूट रुंदीचा, लोणा परत आला. चुन्याचं प्रमाण तपासलं, छपराची पन्हळ तपासली, नळाची लाइन उकरली. काहीच नाही. गावात लोक म्हणायला लागले, सिमेंटच बरं होतं. त्याचा उलगडा पुढे येतो, कारण तो इंजिनिअरिंगमध्ये नव्हताच.

दुसरी चूक: आठवणी उद्घाटनाच्या स्मरणिकेपुरत्या

सगळीकडे क्रम ठरलेला. आधी दुरुस्ती, मग रंग, मग शेवटच्या आठवड्यात "जुन्या जाणत्यांचे अनुभव" गोळा करून स्मरणिकेची चार पानं भरायची. हे उलटं आहे. जुन्या इमारतीचे नकाशे बहुतेक वेळा हाती लागत नाहीत. तिचा नकाशा म्हातारी माणसं असतात आणि ती कामाच्या आधी विचारायची असतात.

त्यातही विचारतात कुणाला? माजी अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, नाट्यमंडळाचे सेक्रेटरी. ही मंडळी खुर्चीवर बसत होती, त्यांना खुर्चीवरून दिसलं तेवढंच माहीत. हॉल माहीत असतो तो झाडूवाल्याला, दिवाबत्तीवाल्याला, दारावर शेंगदाणे विकणाऱ्या बाईला. बाग माहीत असते माळ्याच्या घरच्यांना.

आणि सगळ्यांना एकत्र बसवू नका. चार म्हातारे एका सतरंजीवर बसले की मोठा आवाज ज्याचा त्याची आठवण खरी ठरते, बाकीचे तीन माना डोलावतात. आमच्याकडे असंच झालं. एका राष्ट्रीय पुढाऱ्याचं भाषण याच हॉलमध्ये झालं म्हणून सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. पुढाऱ्याचं नाव सांगत नाही, निम्म्या महाराष्ट्रात हेच नाव निघेल. संगमरवरी पाटी करायला टाकली. पाटी तयार झाल्यावर वाचनालयात एक जुनं कात्रण सापडलं. सभा झाली होती नदीकाठी, कारण हॉलमध्ये माणसं मावणार नव्हती. पाटी आजही एका गोडाऊनमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

प्रश्नही चुकतात. "हॉलचा इतिहास सांगा" म्हटलं की माणूस सावरून बसतो आणि शाळेतल्या निबंधासारखं बोलायला लागतो. मी विचारतो, चपला कुठे काढायचात? तिकीट कुठे फाडायचे? पाऊस आला की कुठे पळायचात? बागेत पाणी कुठे प्यायचात? यांची उत्तरं खोटी येत नाहीत, कारण त्यात कुणाला मोठेपणा नसतो. आणि गावातल्या नावाने विचारा. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हटलं की ऐकणारा क्षणभर थबकतो, राणीची बाग म्हटलं की लगेच हत्तीच्या गोष्टी सुरू होतात. मुंबईच्या फोर्ट भागातला काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत नेला, पण नाव राहिलं फोर्टातच. लोकांच्या तोंडचं नाव हाच कधी कधी एकमेव पुरावा असतो.

त्या हॉलच्या मागच्या गल्लीत माळीबुवांची सून राहते. आता सत्तरीच्या पुढची. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. मी चहा पीत सहज म्हटलं, "मावशी, बागेत पाणी कुठे प्यायचात?" ती म्हणाली, "प्यायला कशाला, तिथं आम्ही पाय धुवायचो. हौदाचं पाणी हॉलच्या मागनं पाटानं गुलाबाच्या वाफ्याला जायचं. आता तुम्ही तिथं ठोकळे बसवलेत न्हवं?"

पेव्हर ब्लॉक. दुसऱ्या दिवशी उचलले. हातभर खाली दगडी पाट, मातीने तुडुंब भरलेला, उतार सरळ भिंतीकडे. बागेचं नूतनीकरण केलं तेव्हा कुणी तो न बघता बुजवला होता, आणि हौदाची गळती गुपचूप तिकडेच चालली होती, बरोब्बर त्या पाच फुटांत. पाट साफ केला, हौद दुरुस्त केला, पाणी पूर्वीसारखं गुलाबाकडे वळवलं. दोन उन्हाळ्यांत भिंत वाळली. मी वर्षभर चुन्याची प्रमाणं बदलत बसलो होतो.

बागेकडे पाहायचं ते भिंतीवरून

हॉल बांधकाम विभागाकडे, बाग उद्यान विभागाकडे, आणि मधली ओली भिंत कुणाचीच नाही. फायली दोन असल्या तरी पाणी एकच आहे. लॉन जोत्याला टेकवू नका, निदान तीन फुटांची पट्टी खडीची सोडा. दर नूतनीकरणात रस्त्याची पातळी चार बोटं वर येते आणि एक दिवस जोत्यातल्या हवेच्या जाळ्या जमिनीखाली जातात. त्या कुठे होत्या ते जुन्या फोटोंत पाहा आणि उकरा.

झाडांच्या बुंध्याला सिमेंटचा कट्टा करून गळा आवळू नका. जुनं झाड काढून विकतचे पाम लावणाऱ्यांना काय बोलावं, मला सुचत नाही.

भिंतीतला पिंपळ वरून छाटणं म्हणजे त्याला खतपाणी घालणं. मुळं आत जाड होतात. थोडी दगडं उतरवायची, मूळ पुरतं काढायचं, दगड परत चुन्यात बसवायचे. उतरवलेल्या दगडांना नंबर ऑइल पेंटने घाला, मागच्या बाजूला. मी एकदा खडूने घातले होते. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला आणि बेचाळीस दगडांचं कोडं सोडवायला आम्हाला नऊ दिवस लागले.

आता पटापट

काळ्या दगडाला ॲसिडने धुऊ नका, पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे.

भेगेला लगेच भरू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. वाढली तर पायाकडे बघा, नाही वाढली तर भरा.

जुन्या वायरिंगवर नवे एसी आणि स्टेजचे दिवे लादू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकूड जास्त असलेली वास्तू जळायला किती वेळ लागतो हे ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना विचारा. मी आता गिलाव्याच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलावतो.

लोकांचे फोटो स्मरणिकेसाठी घेऊन जाऊ नका. त्यांच्या ओटीवर बसून मोबाइलने काढा आणि फोटो तिथेच परत द्या. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं.

म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करताना पंखा बंद करा. माझ्याकडे तीन तासांचा नुसता पंखा आहे.

छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग नको. आवाज मरतो, हवा मरते, वर वाळवी लागली तरी दिसत नाही.

हे शेवटचं मला त्याच हॉलमध्ये एका जुन्या दारवानाने शिकवलं. मी विचारलं होतं, उन्हाळ्यात नाटकाला गरम व्हायचं नाही का? तो म्हणाला, "तिसऱ्या घंटेच्या आधी मी दोरी ओढायचो ना." कसली दोरी? त्याने हात वर करून भिंतीचा एक कोपरा दाखवला. तिथे ऑइल पेंटच्या थरांखाली एक गाठ दिसत होती, मी ती खिळा समजलो होतो. रंग काढला तर पितळेची कप्पी. पीओपी उतरवलं तेव्हा वर लाकडी झडपांचे झरोके निघाले, सगळे बंद, सगळे शाबूत. बिजागऱ्यांना तेल दिलं, नवी सुती दोरी ओवली. दारवान काठी टेकत आला, दोरी हातात घेतली आणि मला म्हणाला, "जोरात न्हाई ओढायची, साहेब. दोन झटके, मग सोडायची."