चौकोनी भोकाचं नाणं: चलन की ताईत?

सव्वीस वर्षं बँकेत कॅशला बसले. त्यामुळे नाणं हातात आलं की आधी अंगठा कडेवरून फिरतो, डोळे नंतर. जुनी चिनी नाणी जमवायला लागल्यावर ही सवय उपयोगी पडली. चोरबाजारातल्या टोपलीत मधे चौकोनी भोक पाडलेलं काही दिसलं की दुकानदार सरसकट 'चायना कॉइन' म्हणतो. त्यातलं निम्मं कधी पैसे म्हणून चाललेलंच नसतं, ते ताईत असतात. चीनमध्ये त्यांना ह्वा-छ्येन म्हणतात, म्हणजे 'फुलांचे पैसे'. हान काळापासून, सुमारे दोन हजार वर्षं, लोक ते गळ्यात, कमरेला, घरात बाळगत आले.

ओळखायचं कसं? चिनी येत नसलं तरी चालेल, फक्त दोन अक्षरांची तोंडओळख करून घ्या. चलनी नाण्यावर बहुधा चार अक्षरं असतात आणि ती बरेचदा वर, खाली, उजवी, डावी अशी वाचतात. छिंग राजघराण्याच्या काळातल्या नाण्यांवर वरचं-खालचं अक्षर बादशहाच्या कारकिर्दीचं, जसं खांगशी (1662 ते 1722) किंवा छ्येनलुंग (1736 ते 1795). उजवीकडे 'थुंग', त्याची शेपटी होडीसारखी खालून वळलेली. डावीकडे 'पाओ', वर छप्पर आणि तळाला दोन पाय. पाठ फिरवली की भोकाच्या दोन्ही बाजूंना बहुधा मांचू, म्हणजे छिंग राजांच्या मूळ भाषेच्या, लिपीतले दोन शब्द दिसतात. मोडीची ओळ उभी धरावी तसे, गाठीगाठींचे. एवढं जमलं तर ते बहुधा चलन. आकार आपल्या पाच रुपयांच्या नाण्याच्या आसपास.

ताईत कारकीर्द सांगत नाही, आशीर्वाद देतो. माझ्याकडचा पहिला 44 मिलिमीटरचा आहे, दहाच्या नाण्यापेक्षा बराच मोठा. त्यावरचं डावं अक्षर मी दोन महिने 'पाओ'च समजत होते, कारण तळाला तेच दोन पाय. मग भिंगातून पाहिलं तर वर छप्परच नाही! ते 'क्वै' निघालं, मानमरातब. छप्पर उजव्या अक्षराला होतं आणि त्याच्या तळाशी खिडकीसारखा फुलीचा चौकोन. ते 'फू', श्रीमंती. वर-खाली 'चांग मिंग', दीर्घायुष्य. 'चांग मिंग फू क्वै' हा ताइतांवर वारंवार भेटणारा मजकूर, आपल्या 'आयुष्मान भव'ला जोडून लक्ष्मीही मागितलेली. फोनमधलं भाषांतराचं ॲप अशी गोल मांडलेली अक्षरं आडवी वाचायला जातं आणि भलतंच सांगतं, म्हणून एकेक अक्षर वेगळं दाखवा.

मागे चित्र असेल तर काम सोपं. बारा राशींचे प्राणी, ड्रॅगन आणि फिनिक्स, सात ताऱ्यांचा सप्तर्षी, किंवा तीन-तीन रेघांचे आठ गट, काही रेघा अखंड, काही मधे तुटलेल्या. साप, विंचू, गोम, बेडूक एकत्र दिसले तर तो चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवसाचा, विषबाधा टाळण्यासाठीचा ताईत. आणि ज्याला लोक फुलपाखरू म्हणतात ते बहुतेक वेळा वटवाघूळ असतं. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की धांदल उडते. चिनीत त्याच्या नावाचा आणि 'सुदैवा'चा उच्चार एकच, 'फू', म्हणून ते मानाने नाण्यावर बसतं. हरणाचंही तसंच, 'लू' म्हणजे हरीण आणि 'लू' म्हणजे सरकारी पगार. (कॅशियरला हे फार पटलं.)

एक अपवाद मात्र फसवतो. 955 साली उत्तरकालीन चौ घराण्याच्या शिझुंग बादशहाने मठांतल्या तांब्या-काशाच्या मूर्ती वितळवून 'चौयुआन थुंगपाओ' नाणी पाडली. बुद्धमूर्तीचा धातू, म्हणून लोक त्या नाण्यात गुण आहे असं मानू लागले, बाळंतपणात ते हातात धरत. पुढे त्याच अक्षरांचे ताईत निघाले. समोर थुंगपाओ आणि पाठीवर ड्रॅगन-फिनिक्स, तर तो ताईत समजा.

आता खरा-खोटा. ही नाणी ठोकलेली नसतात, वाळूच्या साच्यात ओतलेली असतात. त्यामुळे कडेवर कानशीच्या बारीक रेघा शोधा. झीज अक्षरांच्या माथ्यावर आणि कडांवर हवी. खोलगट भागातही सगळं बुळबुळीत असेल तर ती नाण्यावरून काढलेली नक्कल. लोहचुंबक चिकटला तर मी ते परत टोपलीत ठेवून देते. हिरवट थरावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवा, कापूस हिरवा झाला की तो रंग. खरी हिरवाई घट्ट बसलेली असते, नखाने निघत नाही.

चिंच-मीठ मात्र कधीही लावू नका. मी तांब्याच्या कळशीसारखा एक ताईत घासून लख्ख केला आणि शंभर वर्षांची हिरवाई पाच मिनिटांत घालवली. तो आता कपाटाच्या किल्लीला आहे. भाचीने लाल दोऱ्यात बांधून आणलेल्या तीन फेंगशुई नाण्यांच्या शेजारी. तिच्या तिन्हींवर एकाच जागी, एकाच आकाराचा खड्डा आहे. एकाच साच्यातली भावंडं.